एशियाडचा एक रुपया

आमच्या गावच्या एसटी स्टँडवर लहानपणी दोन प्रकारच्या गाड्या लागायच्या. एक लाल डबा. दुसरी हिरव्या-पांढऱ्या रंगाची, जरा ऐटबाज, मऊ सीटची एशियाड. तिचं तिकीट जास्त असायचं, म्हणून आमच्या घरातलं कुणी तिच्यात बसत नसे. अब्बा पुण्याला बांधकामावर जायचे ते लाल डब्यानंच. आधी बिगारी म्हणून गेले, नंतर हातात थापी आली आणि गवंडी झाले. मी त्यांना सोडायला स्टँडवर जायचो आणि एशियाडकडे बघत उभा राहायचो. हे नाव कुठून आलं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. ज्या आशियाई स्पर्धांसाठी त्या गाड्या बांधल्या गेल्या त्यांचंच नाव त्यांना चिकटलं, हे खूप उशिरा कळलं. त्या स्पर्धा १९८२ साली दिल्लीत झाल्या. मी तेव्हा पाळण्यातून नुकताच उतरलो असेन.

बीएडला असताना राज्यघटनेवर एक पाठ घ्यायचा होता. त्यासाठी मूलभूत हक्कांवरचं पुस्तक चाळताना पुन्हा ‘एशियाड’ भेटलं. या वेळी बस नव्हती, खटला होता. आणि त्यात एका रुपयाचा हिशोब होता. तो वाचून मला पहिल्यांदा अब्बांची आठवण झाली, ती का ते पुढे सांगतो.

मोठ्या स्पर्धा भरवल्या की शहर सुधारतं, असं आपण नेहमी ऐकतो. रस्ते होतात, पूल होतात, विमानतळ होतो. बार्सिलोनाचं उदाहरण दिलं जातं, १९९२ च्या ऑलिंपिकनं त्या शहराला त्याचा समुद्रकिनारा परत मिळवून दिला म्हणून. ते खोटं नाही. पण आपल्या देशातलं उदाहरण बघायचं तर दिल्ली बघावी लागते. या शहरानं अशा तीन स्पर्धा भरवल्या, १९५१, १९८२ आणि २०१० साली. तिन्ही वेळचं शहर वेगळं होतं.

पहिल्या वेळी तर बांधकाम जवळजवळ झालंच नाही. ४ मार्च १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या आशियाई स्पर्धांचं उद्घाटन केलं. अकरा देश आले होते. मैदान इंग्रजांच्या काळातलं होतं, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ साली उभं राहिलेलं आयर्विन अँफिथिएटर. त्याचं नाव बदलून नॅशनल स्टेडियम केलं आणि काम भागवलं. देश गरीब होता, आणि गरिबी लपवायची असते हे अजून कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्याच स्पर्धेत भारतानं इराणला हरवून फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. मास्तर मंडळींना कुणी नावं ठेवली की मी हे नाव पुढे करतो.

त्या स्टेडियमच्या मागेच पुराना किला आहे. १९४७ च्या शरद ऋतूत दिल्लीच्या मोहल्ल्यांतून जीव घेऊन निघालेले हजारो मुसलमान याच किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्यात पाकिस्तानच्या गाड्यांची वाट बघत पडले होते. अनीस किदवाई यांनी त्या छावण्यांत काम केलं आणि पुढे ‘आज़ादी की छाँव में’ हे पुस्तक लिहिलं. ते गेल्यावर त्याच किल्ल्यात पश्चिम पंजाबातून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांनी संसार मांडले. साडेतीन वर्षांनी शेजारच्या मैदानात अकरा देशांचे झेंडे फडकले. पाकिस्तानचा संघ त्यांत नव्हता.

दुसरी वेळ मात्र वेगळी. १९८२ च्या स्पर्धा दिल्लीला मिळाल्या त्या १९७६ मध्ये, आणीबाणीत. मग सरकारं बदलली, तयारी रेंगाळली. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्या आणि घाई सुरू झाली. पंचाहत्तर हजार प्रेक्षकांचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, इंद्रप्रस्थचं छप्पर असलेलं स्टेडियम, तालकटोऱ्याचा जलतरण तलाव, मूलचंदसारखे उड्डाणपूल, मोठमोठी हॉटेलं, आणि खेळाडूंना राहायला एशियाड व्हिलेज, हे सगळं दोन-अडीच वर्षांत. १९ नोव्हेंबर १९८२ ला राष्ट्रपती झैल सिंग यांनी स्पर्धा खुल्या केल्या. लोकांनी त्या रंगीत टीव्हीवर बघितल्या. रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षी सुरू झालेलं. आमच्या तालुक्याला तेव्हा बहुधा एकच टीव्ही असेल, आणि तोही काळा-पांढरा.

एशियाड व्हिलेज मी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी उर्दू पुस्तकांच्या एका कामासाठी दिल्लीला गेलो होतो, एक दुपार मोकळी मिळाली. राज रेवल या वास्तुविशारदानं आखलेली सुमारे सातशे घरं, मधून मधून दरवाजासारख्या कमानी, गल्ल्या, छोटे चौक. जुन्या शहरातल्या मोहल्ल्यांवरून ही मांडणी सुचली असं म्हणतात, आणि तिथं चालताना ते पटतं. जागा आहे सिरी. अलाउद्दीन खिलजीनं मंगोलांच्या स्वाऱ्या थोपवण्यासाठी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जे नवं शहर तटबंदीत वसवलं, तेच हे सिरी. त्याच्या पाण्यासाठी त्यानं हौज खणून घेतला, तो आजचा हौज खास. सिरीच्या तटाचे तुकडे अजून उभे आहेत. मंगोलांची मुंडकी पायात पुरली म्हणून हे नाव पडलं, अशी एक लोककथा आहे. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्या तटाजवळ उभं राहून वेगळंच वाटलं. त्याचे दगड वाहणाऱ्यांचं नाव एकाही तवारीखमध्ये नाही. सातशे वर्षांनी त्याच जमिनीवर पुन्हा विटा वाहणारे आले, आणि या वेळी मात्र त्यांचा हिशोब कागदावर आला.

तो असा आला. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स, म्हणजे पीयूडीआर या संघटनेनं तीन समाजशास्त्रज्ञांना बांधकामांवर पाठवलं. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा ठिकाणांहून जमादारांनी मजूर गोळा करून आणले होते. महाराष्ट्रात ज्याला आपण मुकादम म्हणतो तोच तिथला जमादार. त्या वेळी दिल्लीत मजुराचं किमान वेतन होतं रोज सव्वानऊ रुपये. कंत्राटदार ते जमादाराच्या हातात द्यायचा. जमादार रोजामागे एक रुपया आपलं कमिशन कापायचा आणि मजुराच्या हातावर सव्वाआठ ठेवायचा. बायकांना तर सात रुपयेच मिळत. चौदा वर्षांखालची मुलंही कामावर होती. नोव्हेंबर १९८१ मध्ये हे सगळं एका पत्रात लिहून संघटनेनं ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पाठवलं. न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं.

सरकारची बाजू काय होती? हे मजूर आमचे नाहीत, कंत्राटदाराचे आहेत. आणि ही संघटना कोण लागून गेली, तिच्यावर कुठे अन्याय झाला आहे? निकाल १८ सप्टेंबर १९८२ ला आला. न्या. भगवती आणि आसामचे न्या. बहारुल इस्लाम यांचं ते खंडपीठ होतं. (बहारुल इस्लाम यांच्या राजकीय वाटचालीवर पुष्कळ टीका झाली आहे, तो आजचा विषय नाही.) न्यायालयानं दोन्ही मुद्दे फेटाळले. गरीब माणूस स्वतः कोर्टाची पायरी चढू शकत नसेल तर त्याच्या वतीनं दुसरा येऊ शकतो. आणि काम ज्याचं आहे त्या सरकारला, दिल्ली प्रशासनाला, दिल्ली विकास प्राधिकरणाला कंत्राटदाराच्या आड लपता येणार नाही. कायदा मोडणाऱ्या कंत्राटदारांना खालची न्यायालयं शे-दोनशे रुपयांचा दंड करून सोडत होती, त्यावरही ताशेरे ओढले. बांधकाम हे धोक्याचं काम आहे, तिथं मुलं चालणार नाहीत, असं सांगितलं.

पण खरा गाभा पुढे आहे. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात ‘बेगार’ला बंदी आहे. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे वाचताना थांबावंच लागतं, कारण इंग्रजी मसुद्यातही हा फारसी शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे. घटना लिहिणाऱ्यांना त्याला इंग्रजीत जोड मिळाली नसावी. मराठीत आपण तो वेठीला जोडून वेठबिगार केला. राजाचा, पाटलाचा, जहागीरदाराचा माणूस दारात आला की उठून फुकट राबायला जायचं, ती बिगार. आणि गंमत म्हणा किंवा काही म्हणा, आज मराठीत बांधकामावर घमेली उचलणाऱ्या, रोजंदारी घेणाऱ्या मजुराला आपण काय म्हणतो? बिगारी. मोबदला सुरू झाला, शब्द तोच राहिला.

न्यायालयापुढे प्रश्न होता, पैसे मिळत असतील तर ती बेगार कशी? सव्वाआठ रुपये तर मिळतच होते. न्यायालयानं म्हटलं की जबरदस्ती फक्त लाठीनं होत नाही, भूकही जबरदस्ती करते. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही तो किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर त्याचं राबणं हे मर्जीचं नव्हे. ती सक्तीची मजुरी आहे आणि तेविसाव्या अनुच्छेदाचा भंग आहे. म्हणजे सव्वानऊमधला तो एक रुपया कापला गेला की बेगार सुरू झाली.

आता अब्बांचं सांगतो. पुण्यात ते ज्या ठिकाणी कामाला होते, तिथं रोजामागे पाच रुपये मुकादमाचे ठरलेले असायचे. आठवड्याच्या हिशोबाला हजेरीची वही उघडायची, खाडे वजा व्हायचे, उचल वजा व्हायची आणि हे पाच रुपये न बोलता वजा व्हायचे. मी कॉलेजात असताना एकदा चिडून विचारलं होतं, तुम्ही बोलत का नाही? अब्बा म्हणाले, “उसने काम लगाया ना बेटा.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. काम लावून दिल्याचा मान म्हणून ते पैसे देत होते, असंच त्यांना वाटे. तो निकाल वाचला तेव्हा मला कळलं की त्या मानाला आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं कधीच नाव देऊन ठेवलं आहे.

माझ्या मते १९८२ च्या स्पर्धांनी दिल्लीत बांधलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट हा निकाल आहे. स्टेडियमची डागडुजी २०१० ला पुन्हा करावी लागली. हा निकाल अजून कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. फक्त एक गोष्ट खरी, तो आला तेव्हा उद्घाटनाला दोन महिने राहिले होते. बहुतेक विटा रचून झाल्या होत्या.

आणि मजूर? काम संपलं, जमादार गेला, पण गावाकडे परत जाण्यासारखं काही नव्हतं म्हणून पुष्कळ जण दिल्लीतच राहिले. नवी कॉलनी उठत होती, नवी हॉटेलं चालू झाली होती, त्यांना हमाल, माळी, धुणीभांडीवाल्या हव्याच होत्या. १९८१ साली दिल्लीत सरकारी मोजणीनुसार सुमारे एक लाख झोपड्या होत्या, १९९० मध्ये अडीच लाखांच्या पुढे गेल्या. सगळ्या काही एशियाडच्या मजुरांच्या नव्हेत. पण स्टेडियमला लागणाऱ्या सिमेंटचा हिशोब ज्यांनी केला, त्यांनी तो कालवणारा माणूस नंतर कुठे झोपेल याचा हिशोब केला नव्हता एवढं नक्की. स्पर्धा शहराला नवीन काही शिकवत नाही. शहराच्या मनात जे आधीपासून असतं ते ती घाईनं करून घेते. कोण आपला, कोण उपरा, हेही मनातलंच असतं.

झोपड्यांची मोठी रांग होती यमुनेच्या काठी, पुश्त्यावर. पुश्ता म्हणजे बांध. लाल किल्ल्यामागून खाली पसरलेली ही यमुना पुश्त्याची वस्ती. बंगाल, बिहारकडून आलेले रिक्षावाले, कबाडी वेचणारे, शहाजहानाबादच्या घाऊक बाजारांत पाठीवर ओझी वाहणारे. मुसलमानांचं प्रमाण मोठं. २००४ च्या फेब्रुवारी ते मे या काळात ती पाडली गेली. लाखाहून अधिक माणसं हलली. कारण सांगितलं गेलं ते नदीच्या प्रदूषणाचं, उच्च न्यायालयाचा तसा आदेश होता. स्पर्धांचं नाव त्या आदेशात नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण नोव्हेंबर २००३ मध्ये, जमैकातल्या बैठकीत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा दिल्लीला मिळाल्या होत्या आणि नदीकाठ सुंदर करायची स्वप्नं रंगत होती. ती स्वप्नं बोलून दाखवणाऱ्यांत केंद्रीय पर्यटन आणि संस्कृती मंत्री जगमोहन पुढे होते. आणीबाणीत तुर्कमान गेटची घरं पाडली गेली तेव्हा तेच विकास प्राधिकरणाचे उपाध्यक्ष, १९८२ च्या स्पर्धांच्या वेळी तेच दिल्लीचे नायब राज्यपाल. दिल्लीच्या इतिहासात काही नावं पुन्हा पुन्हा वळणावर उभी दिसतात.

ज्यांच्याकडे जुने कागद होते त्यांना बवाना, होलंबी कलाँ अशा शहराच्या पार टोकाच्या जागी भूखंड मिळाले. १९९० पूर्वीचा पुरावा असेल तर अठरा चौरस मीटर, १९९८ पर्यंतचा असेल तर साडेबारा. माझ्या शाळेच्या एका वर्गखोलीत साडेबाराचे तीन भूखंड आरामात बसतील. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांना काहीच नाही. रिक्षा जुन्या दिल्लीत आणि घर बवान्याला, म्हणजे रोज तीसेक किलोमीटरचं अंतर. सकाळच्या भाजीबाजारात ओझं उचलायला पहाटे पोचणार कसं?

मग नदीच्या त्या बाजूला, अक्षरधाम मंदिराजवळ, पुराच्या पाण्याच्या पट्ट्यात राष्ट्रकुल खेळाडूंसाठी १,१६८ फ्लॅट उभे राहिले. नदीपात्रात बांधकाम कसं, म्हणून लोक कोर्टात गेले. जुलै २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला परवानगी दिली. नदीला झोपडी चालत नव्हती, फ्लॅट चालला. सप्टेंबर २०१० मध्ये यमुनेला पूर आला आणि पाणी त्या इमारतींच्या आसपास साचलं, ते बहुतेकांनी टीव्हीवर पाहिलंच असेल.

२०१० बद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण त्या भ्रष्टाचारावर इतकं छापून आलं आहे आणि आयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे खासदार असल्यामुळे मराठी वर्तमानपत्रांनी तर काहीच बाकी ठेवलं नाही. मेट्रोच्या मार्गिका वाढल्या, विमानतळाचं नवं टर्मिनल झालं. मी स्वतः त्या मेट्रोनं फिरलो आणि मला ती आवडली. त्याच वेळी फिरती न्यायालयं भिकाऱ्यांना पकडून शहराबाहेर काढत होती, रस्त्यालगतच्या वस्त्यांपुढे फलक लावून त्या झाकल्या जात होत्या. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेला शेकडो कोटींचा निधी स्पर्धांच्या कामाकडे वळवला गेला, आणि ही चूक झाल्याचं संसदेत केंद्रीय गृहमंत्र्यांना कबूल करावं लागलं.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते दुसरंच. २०१० च्या जानेवारीत राष्ट्रकुलच्या बांधकामांवरच्या मजुरांसाठी दिल्ली उच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. कुणाची? पुन्हा पीयूडीआरचीच. अठ्ठावीस वर्षांनी तीच संघटना, तेच शहर, तेच मुद्दे: किमान वेतन मिळत नाही, राहण्याची जागा माणसांची नाही, सुरक्षेची साधनं नाहीत. माजी राजदूत अरुंधती घोष यांच्या अध्यक्षतेखाली न्यायालयानं समिती नेमली. समितीला आढळलं की बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी १९९६ साली झालेल्या कायद्याखाली बहुसंख्य मजुरांची नोंदणीच झालेली नाही. म्हणजे त्यांच्या नावावर गोळा होणाऱ्या निधीतला पैसा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. निकाल होता, कायदाही होता, फक्त साइटवर जाऊन हजेरीची वही उघडून बघणारा माणूस नव्हता.

सिरीच्या तटाला लागून शाहपूर जाट हे गाव आहे. आता तिथं महागड्या कपड्यांची दुकानं आहेत. त्या दुपारी मी एका बोळात जिना चढून वर गेलो तर छोट्याशा खोलीत पाच-सहा पोरं कारचोबाच्या चौकटीवर वाकून जरीचं काम करत होती. बंगाल आणि बिहारची. सलाम झाला, चहा आला. मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो म्हटल्यावर एकानं विचारलं, “दोनों एक साथ कैसे?” आम्ही हसलो. समोरच्या खिडकीतून एशियाड व्हिलेजमधली झाडं दिसत होती. मी विचारलं, तिकडे कधी गेलात का? एक जण म्हणाला, सिक्युरिटीवाला सोडत नाही, फक्त कपड्यांची डिलिव्हरी द्यायला जातो.

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि ऑलिंपिकचीही इच्छा बोलून दाखवली जाते आहे. आमच्याकडून गुजरातला बांधकामावर जाणारी पोरं बरीच आहेत, माझ्याच शाळेत शिकून गेलेली. मैदान कुठे होणार, किती मोठं होणार, याचे नकाशे पेपरात येतात. मी ते बघतो आणि माझी नजर आपोआप नकाशाच्या कडेला जाते, मजुरांच्या वस्तीची खूण कुठे आहे का ते शोधायला.

गेल्या ईदला घरी होतो तेव्हा अब्बांना त्या निकालाची गोष्ट सांगितली. आता ते थकलेत, गुडघे साथ देत नाहीत. मी सव्वानऊ, सव्वाआठ, जमादाराचा एक रुपया, सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मतलब वो पाँच रुपे भी वैसेच थे?” मी हो म्हटलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजायला सुरुवात केली. आठवड्याचे सहा दिवस, पावसाळ्याचे महिने सोडून. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. शेवटी अम्मीला हाक मारून म्हणाले, जरा कागद-पेन ला.